ताट कुठं ठेवायचं?

सिंगापूरला लेकीकडे जाऊन आलो, त्याला आता तीन महिने होतील. भेटेल तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" मग मी विमानतळावरचा धबधबा, उंच इमारती, समुद्रकाठची बाग अशा चार गोष्टींत आटपतो. विचारणाऱ्यालाही तेवढंच हवं असतं. माझ्या डोक्यात मात्र राहून गेलीय ती खरकटी ताटं ठेवायची एक मांडणी.

लेक-जावई टॅम्पिनीस भागात सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतीत भाड्यानं राहतात. आम्ही पोचलो त्याच संध्याकाळी जावई म्हणाले, "आज अम्मींनी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. बाहेर जेवू." बाहेर म्हणजे हॉकर सेंटर. चहूबाजूंनी उघडं, वर छप्पर, मधे जमिनीत पक्की बसवलेली टेबलं-स्टुलं आणि कडेनं ओळीत छोटे छोटे गाळे. एका गाळ्यात एकदोनच पदार्थ. कुणाचा भात, कुणाच्या शेवया, कुणाचा नुसता चहा. पूर्वी हीच माणसं रस्त्यावर गाड्या लावायची. 1960 च्या दशकाच्या शेवटापासून सरकारनं त्यांना परवाने दिले, नळ-मोरीची सोय असलेल्या छपराखाली आणलं, आणि 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे काम पुरं केलं. 2020 च्या डिसेंबरात युनेस्कोनं या खाद्यसंस्कृतीला वारशाच्या यादीत जागा दिली. आपल्याकडे फेरीवाल्याची गाडी पालिकेच्या ट्रकमध्ये चढताना पाहत मोठा झालेला मी. मला त्या परवान्याचंच जास्त अप्रूप वाटलं.

आणि स्वस्ताई. अर्थात तिथल्या हिशेबानं. चार-पाच डॉलरमध्ये एका माणसाचं पोटभर जेवण. आम्ही पाच जण, नातू धरून, पंचवीस-सव्वीस डॉलरमध्ये उठायचो. एकदा हौसेनं लेकीनं मॉलमधल्या हलाल उपाहारगृहात नेलं. बिल आलं एकशे अठरा. लेक हसत होती, पण कार्ड देताना तिनं जावयाकडे पाहिलं ते मी पाहिलं. दोघांच्या पगारातला मोठा वाटा घरभाड्यात जातो. त्यानंतर मी जाहीर करून टाकलं, मला गार हवेत जेवलेलं बाधतं, आपण पंख्याखालीच जेवू.

आमच्या घरातून मात्र, म्हणजे माझ्या बायकोकडून, प्रत्येक डॉलरचा रुपया होत होता. "एक चहा नव्वद रुपयांचा! खेडच्या स्टँडवर नव्वद रुपयांत अख्खी मिरवणूक चहा पिईल." पण पैसा हे तिचं वरवरचं दुखणं. खरं दुखणं वेगळं होतं. पहिल्या संध्याकाळी तिनं तिथं फक्त दोन केळी खाल्ली. जावयानं गाळ्यावरचा हिरवा शिक्का दाखवला, "अम्मी, हे मुईसचं प्रमाणपत्र आहे. इथली सरकारमान्य इस्लामी परिषद. तपासून देतात."

"शिक्का गाळ्याला आहे. टेबलाला आहे का?"

याला उत्तर नव्हतं. आमच्या शेजारच्याच टेबलावर एक चिनी जोडपं डुकराचं मांस घातलेल्या शेवया खात होतं, आणि अर्ध्या तासापूर्वी आमच्या टेबलावर कोण काय खाऊन गेलं होतं ते अल्लाहला ठाऊक. शिवाय काही गाळ्यांवर "नो पोर्क, नो लार्ड" एवढीच पाटी असते. डुकराचं मांस नाही, चरबी नाही, पण हलालचा शिक्काही नाही. ही पाटी वाचून तर तिचा संशय दुणावला. "म्हणजे कोंबडी कुणी कापली?" मी शाळामास्तर होतो, पस्तीस वर्षं प्रश्न विचारले, हिच्यासारखा नेमका प्रश्न मला कधी जमला नाही.

जेवण झालं आणि नातवानं माझा हात धरला. "नाना, ताट आपण ठेवायचं." 2021 पासून तिथं तसा नियमच आहे, खरकटं टेबलावर सोडून उठलात तर दंड. त्याच्यामागं गेलो तर एका खांबाजवळ दोन मांडण्या. एकीवर लिहिलेलं "हलाल", दुसरीवर "हलाल नसलेलं". मी चष्मा पुसत उभा राहिलो तेवढ्यात नातू ओरडला, "नाना, तिकडे नको! आपलं इकडे."

'आपलं इकडे.' सात वर्षांचं पोर, त्याच्या आवाजात काहीही नव्हतं. उजवीकडे वळा, डावीकडे वळा, असं सांगावं तसं ते म्हणाला. पण माझ्या हातातलं ताट क्षणभर जड झालं.

मी पाचवी-सहावीत असताना माझा एक मित्र होता, ब्राह्मणवाडीतला. अभ्यासाला त्याच्या घरी जायचो. त्याची आई प्रेमळ बाई. चहा द्यायचीच. माझा कप पडवीतल्या कोनाड्यात असायचा, कान तुटलेला, निळ्या फुलांचा. पिऊन झाला की मीच विसळायचो आणि परत कोनाड्यात ठेवायचो. कुणी कधी तोंडानं सांगितलं नाही. कोनाडा सांगत होता. गणपतीत मात्र मोदक केळीच्या पानावर मिळायचा, पंक्तीच्या टोकाला. पानाचं बरं असतं. सगळ्यांचीच पानं उचलून टाकायची असतात, त्यामुळे माझ्या पानाचं वेगळं काही करावं लागत नसे. मला मोदकापेक्षा ते पान आवडायचं असं आज वाटतं. मोठेपणी कळलं की दलित मुलांच्या वाट्याला पडवीसुद्धा येत नव्हती, तेव्हा माझ्या कपाचं गाऱ्हाणं मी आवरतं घेतलं. पण गेलं नाही ते.

तर या दोन मांडण्या पाहून पहिल्यांदा मला तो कोनाडाच आठवला. मग दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी पाहत राहिलो. इथं वेगळेपण मागितलंय कुणी? आपण. हलाल पाळणाऱ्यानं सांगितलं, माझी भांडी वेगळी धुवा, आणि बाकीच्यांनी म्हटलं, ठीक आहे. चिनी म्हातारा त्याचं ताट मुकाट्यानं त्याच्या मांडणीत ठेवतो. त्यात त्याला कुणी तू घाणेरडा आहेस असं म्हटलेलं नसतं, निदान त्याला तसं ऐकू येत नाही. आणि टेबल एकच. कोनाड्यात उलटं होतं. कप वेगळा, आणि टेबलावर जागाच नाही.

एवढं सुचल्यावर मी खूश झालो आणि बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, "मग तुमच्या त्या काकूंनापण आपलं घर असंच वाटत असेल. आपण तरी त्यांच्याकडची कोंबडी खाल्ली असती का?" त्या शाकाहारी होत्या हा मुद्दा मी काढला नाही. तिचं म्हणणं मला कळलं होतं.

लेकीच्या शेजारी एक चिनी आजी राहते. सगळे तिला आंटीच म्हणतात. तिथं थोरल्या माणसाला हाक मारायची ती रीत आहे. सत्तरी ओलांडलेली, एकटी, टुकटुकीत. लेक कामावरून उशिरा आली तर नातवाला शाळेच्या बसमधून उतरवून घेणारी हीच. दोन वर्षांत तिनं पोराला काही खायला दिलं असेल तर ते सोललेलं फळ. संत्री, पपई, कधी पेरू. एवढंच का, म्हणून मी लेकीला विचारलं. "अब्बा, फळाला शिक्का लागत नाही ना. तिनं स्वतःच ठरवलं ते."

एका संध्याकाळी आंटी म्हणाली, मी देवळात चाललेय, येता का? बायकोनं मान हलवली, ती घरीच राहिली. मी आणि नातू गेलो. लोयांग तुआ पेक काँग हे ते देऊळ, चांगीच्या बाजूला. मूळचं ताओ पंथाचं. 1980 च्या दशकात लोयांगच्या किनाऱ्यावर काही जणांना टाकून दिलेल्या मूर्ती सापडल्या. त्या वेगवेगळ्या धर्मांच्या होत्या. त्यांनी त्या सगळ्याच उचलून एका झोपडीवजा जागेत मांडल्या. पुढं 1996 मध्ये ते आगीत जळालं, पुन्हा उभं राहिलं, आणि 2007 पासून आता आहे तिथं आहे. आत शिरल्यावर मी चक्रावलोच. समोर चिनी देव, बाजूला चक्क भला मोठा गणपती, आणि एका दालनात चादर घातलेली जागा. आंटी म्हणाली, "हा दातुक. मुसलमान आहे. तुमचा."

चिनी माणूस मलायात आला तेव्हा इथल्या मातीचा राखणदार कोण, हा प्रश्न त्याला पडला. माती मलय, म्हणजे राखणदारही मलय, म्हणजे मुसलमान. म्हणून चिनी लोक पूजतात तो दातुक बऱ्याच ठिकाणी डोक्यावर मलय टोपी घातलेला दिसतो. आणि त्याच्यापुढं डुकराचं मांस ठेवायचं नाही, हा नियम. आंटीनं सांगितलं की काही लोक इथं यायचं असलं तर त्या दिवशी घरीसुद्धा ते खात नाहीत. मी तिथं हात जोडले नाहीत, फातिहाही म्हटली नाही. नुसता उभा राहिलो. कोकणी माणसाला राखणदार समजावून सांगावा लागत नाही. आमच्या गावातही वेशीवर एक पीर आहे आणि त्याला नारळ देणारी निम्मी घरं हिंदू आहेत.

घरी येऊन मी हे सगळं बायकोला सांगितलं. शिर्कचं प्रवचन ऐकायच्या तयारीनं सांगितलं. आठवड्याच्या बायकांच्या इज्तिमाला जायला लागल्यापासून, म्हणजे गेली वीस-बावीस वर्षं, दर्गा, नवस, चादर हे शब्द घरात काढले की ती उठून आत जाते. पण ती गप्प ऐकत होती. शेवटी म्हणाली, "त्यांच्या देवळात, आपल्या माणसासाठी, ते डुक्कर खात नाहीत?"

"त्या दालनापुरतं."

"दालनापुरतं का होईना."

दुसऱ्या दिवशी तिनं आंटीकडे तांदळाच्या पिठाचे घावन पाठवले. पीठ आम्ही गावाहून नेलं होतं.

आंटीनं पुढच्या आठवड्यात आम्हा सगळ्यांनाच बोलावलं. चिनी महिन्याचा पहिला दिवस होता. महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी ती देवळात जातेच. चिनी महिना अमावस्येला सुरू होतो. "मग आपला चांद उद्या-परवा दिसेल," बायको बोटं मोजत म्हणाली. तिला या योगायोगाची गंमत वाटली. लेकीनं रजा काढली. देऊळ होतं थियान हॉक केंग, तेलोक आयेर रस्त्यावर, शहराच्या जुन्या भागात. आणि नंतर जेवण आंटीकडून, जवळच्याच हॉकर सेंटरमध्ये.

तेलोक आयेर म्हणजे मलय भाषेत पाण्याची खाडी. आता तिथं पाणी औषधाला नाही, चारी बाजूंना बँकांचे मनोरे. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हा रस्ता म्हणजे किनारा होता. पुढं भराव घालून समुद्र लांब ढकलला. गलबतातून उतरलेला माणूस पहिलं पाऊल ठेवायचा ते इथंच. चीनच्या फुकियन भागातून आलेले हॉक्कियन लोक उतरायचे, तसेच दक्षिण भारतातून आलेले तमिळ मुसलमान, ज्यांना तिथं चुलिया म्हणतात, तेही. जिवंत पोचलो म्हणून कुणाचे तरी आभार मानायला हवेत, ही दोघांचीही निकड. हॉक्कियन लोकांनी बांधलं माझू या समुद्रदेवीचं देऊळ, 1839 ते 1842 या काळात. चुलियांनी त्याच्या आधीच, 1828 ते 1830 मध्ये, नागोरच्या शाहुल हमीद या वलींच्या नावानं स्मारक दर्गा उभारला. हे वलीसुद्धा खलाशांचे कैवारी मानले जातात. त्याच रस्त्यावर थोडं पुढं अल-अबरार मशीद, 1827 मध्ये झोपडीच्या रूपात सुरू झालेली. म्हणून तमिळमध्ये तिला कुचू पळ्ळी म्हणत, म्हणजे झोपडी-मशीद. तिन्ही एका रस्त्यावर. पाच मिनिटांत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला.

देवळाच्या दारात बायको थांबली. "मी बाहेर बसते." मी आंटीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. तिनं हातानंच दाखवलं: ते तिकडे तुमची मशीद आहे, तिथं पंखा आहे, पाणी आहे. लेक तिला घेऊन गेली. जुहरची वेळ होतच आली होती.

आम्ही आत गेलो. उंबरा चांगला गुडघ्याजवळ येईल एवढा उंच. त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा, हे आंटीनं नातवाला शिकवलं. खेडच्या माझ्या मित्राच्या आईनं मला शिकवलं होतं तसंच. आत अंगण, लाल खांब, उदबत्त्यांचा दाट धूर. माझू ही फुकियनच्या मेझोऊ बेटावरची, दहाव्या शतकातली एका कोळ्याची मुलगी, असं परंपरा सांगते. समुद्रात अडकलेल्या माणसांना वाचवायची. लहान वयात गेली आणि खलाशांनी तिला देवी केलं. एक बाई गुडघे टेकून दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकत होती, चंद्रकोरीसारखे, एका बाजूला सपाट, एका बाजूला फुगीर. एक पालथा एक उताणा पडला तर देवीचा होकार. मी नातवाला म्हटलं, "हा कौल आहे." गावच्या देवळात गुरव देवाला तांदूळ-पाकळ्या लावून कौल घेतो तोच प्रकार. त्या बाईला तीनदा टाकूनही होकार मिळेना. चौथ्यांदा टाकण्याआधी तिनं डोळे मिटून देवीशी जे काही बोलणं केलं, ते पाहून मी नजर दुसरीकडे नेली.

आंटीनं छताकडे बोट केलं. तुळयांना खांदा दिलेली माणसांची लहान कोरीव शिल्पं, सावळी, भारतीय चेहऱ्याची. देऊळ बांधायला हातभार लावणाऱ्या भारतीय शेजाऱ्यांची आठवण म्हणून ती कोरली असं तिथं सांगतात. "तुमची माणसं," आंटी म्हणाली. दुसऱ्यांदा 'तुमची'. माझी नव्हेत, तमिळ असणार, पण मी दुरुस्ती केली नाही.

कारण त्या तुळईकडे पाहताना मला माझे अब्बा दिसत होते.

अब्बा जहाजावर भंडारी होते. भंडारी म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. कोकणातल्या आमच्या पट्ट्यात घरटी एक माणूस बोटीवर असायचा, नंतर तो आखातात जायला लागला. अब्बा वर्ष-वर्ष नसायचे. सिंगापूर बंदर त्यांच्या तोंडून मी अनेकदा ऐकलंय. त्यांच्या सगळ्या आठवणी खाण्याच्या: कुठं काय स्वस्त मिळतं, कोण पैसे कमी घेऊन भात जास्त वाढतं. बोट निघाली की अम्मा सव्वा रुपया हिरव्या फडक्यात बांधून तांदळाच्या डब्यात ठेवायची. माहीमच्या मखदूमबाबांच्या नावाचा. अब्बा सुखरूप आले की ती मुंबईला जाऊन तो वाहून यायची. मखदूम फकीह अली माहिमी चौदाव्या-पंधराव्या शतकातले, कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारे मोठे विद्वान. पण अम्माला भाष्याशी कर्तव्य नव्हतं. तिला माहीत होती ती एकच गोष्ट: मखदूम लहान असताना त्यांच्या आईनं रात्री पाणी मागितलं, ते पेला घेऊन आले तोवर आईचा डोळा लागला, म्हणून पोर तसंच पेला धरून पहाटेपर्यंत उभं राहिलं. ही गोष्ट तिनं मला किती वेळा सांगितली असेल, मोजदाद नाही.

अम्मा गेली 2011 मध्ये. त्याआधीचं वर्षभर ती म्हणत होती, "एकदा माहीमला नेऊन आण." मी टाळलं. तुझे गुडघे, म्हटलं. हायवे उखडलाय, म्हटलं. आणि ते खोटं नव्हतं, तो अजूनही उखडलेलाच आहे. पण खरं कारण ते नव्हतं. मी शाळेत अंधश्रद्धेवर भाषणं देणारा मास्तर. नवस-बिवस मला पटत नव्हता. आणि बायकोला पटत नव्हतं कारण तिच्या लेखी ते शिर्क. नवरा-बायकोचं एकमत व्हावं असे विषय आमच्या घरात थोडे. या एकावर झालं. मी पुरोगामी म्हणून आणि ती दीनदार म्हणून, दोघांनी मिळून एका म्हातारीला माहीमला नेलं नाही. तांदळाच्या डब्यात फडकं सापडलं तिच्या चाळिसाव्यानंतर. ते कधी बांधलं होतं कुणास ठाऊक. अब्बा तर त्या आधी कितीतरी वर्षं गेले होते.

हे मी या आधी कुठं लिहिलेलं नाही.

देवळातून बाहेर आलो तर बायको आणि लेक समोरून येताना दिसल्या. बायकोचा चेहरा वेगळाच होता. मशिदीत बायकांना नमाजाला जागा होती. तिथं तीन-चार जणी होत्या. कुणी कार्यालयातून जेवणाच्या सुट्टीत आलेली, कुणी बाजाराची पिशवी बाजूला ठेवून. "मी जमातीनं पढले," ती म्हणाली. एकसष्ट वर्षांची बाई, पाच वेळची नमाजी, आणि आमच्या गावच्या मशिदीच्या पायऱ्याही तिनं चढलेल्या नाहीत. पुण्याच्या एका दांपत्यानं 2019 मध्ये याच प्रश्नासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा आमच्या मोहल्ल्यात पुरुषांनी केवढी चर्चा केली होती. बायकांना कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही.

जेवायला गेलो अमॉय स्ट्रीट फूड सेंटरला, तिथून चालत. दुपारी कार्यालयांची झुंबड. रिकाम्या टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट ठेवलेलं असलं की ती जागा अडवलेली, हा तिथला अलिखित कायदा. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल, तोच. आंटीनं झपाट्यानं एक पाकीट टाकून टेबल मिळवलं आणि ती ज्या रांगेत उभी राहिली तो गाळा हिरव्या शिक्क्याचा. आमच्यासाठी तिनं भात, कोंबडी, मासळी घेतली. स्वतःसाठी घेतलं गाडो-गाडो: उकडलेल्या भाज्या, टोफू आणि वर शेंगदाण्याची दाट चटणी. मला वाटलं पैसे वाचवतेय. लेक हळूच म्हणाली, "आज तिचा शाकाहाराचा दिवस असतो. पहिला आणि पंधरावा."

शाकाहारी चिनी पदार्थांचे गाळे तिला हवे तेवढे मिळाले असते. पण मग तिचं ताट दुसऱ्या मांडणीतलं झालं असतं. म्हणून तिनं तिचा उपास आमच्या गाळ्यावर सोडवला. हे तिनं बोलून दाखवलं नाही. तिची कुंकवासारखी लाल बांगडी, तो शेंगदाण्याचा रस्सा, पलीकडे नातू, अलीकडे बायको, सगळ्यांचे कोपर एकमेकांना लागत होते. बायकोनं पहिल्यांदाच त्या देशात बाहेरचं ताट पुढं ओढलं आणि बिस्मिल्ला म्हटलं. मग तिनं तिच्या ताटातल्या काकडीच्या चकत्या आंटीच्या ताटात सरकवल्या. "त्याला चालतात," एवढं मराठीतच म्हणाली. आंटीला कळलं.

अर्धं जेवण झाल्यावर ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तो दर्गा पण पाहिला मी. नागोरवाल्यांचा. बाहेरूनच. लेक सांगत होती, खलाशांचे म्हणून."

"हं."

"अम्मांना आपण न्यायला हवं होतं."

मी भात कालवत राहिलो. चौदा वर्षांत हा विषय आम्ही काढला नव्हता. त्यावर काय बोलायचं असतं? तिनं अकीदा सोडलेला नव्हता, मी माझी मतं सोडलेली नव्हती. नातवानं विचारलं कुठं न्यायचं होतं, तर लेक म्हणाली, जेव.

पाच जणांचं मिळून तीस डॉलरच्या आत झालं असेल. पैसे देण्यावरून लेक आणि आंटी यांची भर रांगेत झटापट झाली होती आणि आंटी जिंकली होती. उठताना बायकोनं सगळ्यांची ताटं एकावर एक रचली, आंटीचंही, आणि मला म्हणाली, "कुठं ठेवायचं ते दाखवा." मी दाखवलं. एकाच मांडणीत सगळी मावली.

माहीमचा मेळा डिसेंबरात असतो. यंदा जायचं ठरलंय. ती दर्ग्यात येणार नाही, बाहेर थांबणार, हे तिनं आधीच सांगून ठेवलंय. चालेल, म्हटलं. फडकं मी कपाटात जपून ठेवलं होतं, ते तिनंच काढून बॅगेत घातलं. मेळ्यात जेवायचं कुठं, यावर मात्र अजून आमचं एकमत झालेलं नाही.